महिलांचीच तर मॅच आहे

५ जानेवारी, सकाळ

आज धाडसी निर्णय घेतला. टीव्हीचा स्पोर्ट्स पॅक बंद. केबलवाल्याला फोन करून सांगूनच टाकलं. दर वर्षी भाव वाढवतात. वर अर्ध्या मॅचेस केबलवर, अर्ध्या ॲपवर, कबड्डी तिसरीकडेच. म्हणजे एकाच माणसाने तीन ठिकाणी पैसे भरायचे! हद्द झाली. वागळे इस्टेटमध्ये मी आयुष्यभर कंपनीचं स्टोअर सांभाळलं. एक नट-बोल्ट जास्त भावाने येऊ दिला नाही. मला कोण उल्लू बनवणार?

टायमिंगही अचूक साधलंय. सध्या महिलांचीच तर मालिका चालू आहे. ती कोण बघतं?

५ जानेवारी, दुपार

कांताला सांगितलं, चॅनल कंपनीनेच बंद केलंय. हे खोटं नाही, सोपं करून सांगणं आहे. तिने विचारलं, रविवारपर्यंत चालू होईल का? म्हटलं, अगं, रविवारी काय आहे? म्हणाली, काही नाही.

कांताला तसं क्रिकेटचं वेड नाही. माझ्या सोबतीला म्हणून बसते. मी दिवाणावर, ती स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून, मांडीवर भाजीचं ताट. टेस्ट मॅच असली की लंचपर्यंत मेथी, चहाच्या ब्रेकपर्यंत मटार. पार्टनरशिप जमली की कुणी जागा सोडायची नाही, हा घरचा नियम. एकदा तीन तास मी बाथरूमला गेलो नव्हतो.

मुलगा राजरत्न हैदराबादला नोकरीला गेल्यापासून आमचं बोलणं होतं ते मॅच बघतानाच. बाकी मग गॅस, दूध, लाइट बिल. पण इतक्या वर्षांच्या संसारात बोलावं लागतंच कुठे? आपोआप समजतं सगळं.

८ जानेवारी

टीव्ही बंद असला की मेथी पटकन निवडून होते. पॅक बंद करण्याचा हा आणखी एक फायदा. नंतर आम्ही दोघं बराच वेळ नुसते बसून होतो. मी म्हटलं, थंडी पडलीय. ती म्हणाली, हो.

११ जानेवारी, रविवार

आज मॅच होती हे मला कांताकडे बघून कळलं. दहाच्या आत पोळ्या उरकल्या, केस धुतले, आणि दोनदा टीव्ही लावून बघितला. नुसता निळा स्क्रीन. मी म्हटलं, मी आहे ना! मोबाइलवर प्रत्येक बॉलचं लिहून येतं, तेही फुकट. मी ते कॉमेंट्रीसारखं मोठ्याने वाचायला बसलो. आवाज चढवत, उतरवत. छान जमत होतं.

पण ही मध्येमध्ये विचारते. स्पिनर ओव्हर द विकेट टाकतेय की राउंड? ते कुठे लिहिलेलं असतं? मी म्हटलं, ओव्हर. तिने विचारलं, स्लिप ठेवलीय का? म्हटलं, ठेवलीय ना. म्हणाली, मग आत्ताचा फोर तिथून कसा गेला?

माझा घसा बसला. थोडा पडलो. उठलो तर कांता घरात नाही. समोरच्या कलावती वहिनींकडे लोणच्याची बरणी परत द्यायला गेलेली. मॅच संपल्यावर आली. बायकांना एक बरणी द्यायला किती वेळ लागतो, आश्चर्य आहे.

१४ जानेवारी

शिवरामला फोन केला. शिवराम म्हणजे स्टोअरमधला माझा जुना सहकारी, आता ठाण्यात असतो. आयुष्यात कशालाच पैसे न देणारा थोर माणूस. त्याने एक लिंक पाठवली. फुकट, लाइव्ह. कांताला अभिमानाने हाक मारली.

चित्र तिकिटाएवढं. कॉमेंट्री कुठल्या भाषेत, देव जाणे. मध्येच रमीची जाहिरात, मग एक बाई आली ती कपडे घरी विसरून आलेली. कांता उठून गेली. मी घाईघाईने बंद करायला गेलो तर ती बाई आणखी मोठी झाली.

संध्याकाळपासून फोन आपला आपण बोलतोय. उद्या-परवा ठीक होईल.

१६ जानेवारी

शिवरामने अखेर स्वतःचा पासवर्ड दिला. म्हणजे जावयाचा. अट एकच, एका वेळी एकाच घरी चालतो. मी म्हटलं, आपल्यात काय रे! चौतिसाव्या ओव्हरपर्यंत झकास चाललं. कांताही रंगात आलेली, ताटातल्या शेंगा तशाच. तेवढ्यात स्क्रीन काळा. शिवरामला कबड्डी बघायची लहर आली. फोन केला तर म्हणतो, अरे, महिलांचीच तर मॅच आहे, त्यात काय एवढं?

मला पटलं. हे कांताला सांगितलं नाही.

ती म्हणाली, अहो, चॅनलच्या कंपनीला फोन तरी करून बघा ना. म्हटलं, केला. लाइन बिझी आहे.

१८ जानेवारी, रविवार

आज तर कमालच केली. पासवर्ड नको, लिंक नको. कांताला म्हटलं, चल, कल्याणला जाऊ, नवीन टीव्ही बघू. शोरूममध्ये मॅच चालू असणारच. भिंतीएवढा स्क्रीन, एसी, बसायला सोफा. गिऱ्हाइकाला कोण उठवणार? खर्च फक्त रिक्षाचा.

एक गोष्ट राहून गेली. कांताला वाटलं आपण खरंच टीव्ही घेतोय. ठेवणीतली साडी नेसली. रिक्षात म्हणाली, कपाट सरकवलं तर त्या भिंतीवर बरोबर बसेल. मी म्हटलं, बघू.

मॅच चालू होतीच. तासभर बसलो. आपली ऑफस्पिनर टाकत होती. कांता एकदम म्हणाली, आता ही सरळ टाकणार. पुढचा बॉल सरळ, बॅटर एलबीडब्ल्यू! सेल्समन बघतच राहिला. म्हणाला, मॅडम, तुम्हाला कसं कळलं? तर हिने पिशवीतलं संत्रं काढलं, बोटांत धरलं आणि मनगट कसं फिरतं, कुठे फिरत नाही, ते दाखवलं. म्हणाली, शहाडला आमच्या चाळीची टीम होती. भावांबरोबर मी ऑफस्पिन टाकायचे, लग्न ठरेपर्यंत. दोन-तीन गिऱ्हाइकं गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, परत दाखवा ना. हिने परत दाखवलं. हसत होती.

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलंही असेल. मॅच चालू असताना सांगितलं असेल तर मी ऐकलं नसेल. मी चेहरा असा ठेवला की मला सगळं ठाऊकच आहे.

मग ईएमआयवाला आला. फॉर्म घेऊनच. मी म्हटलं, भिंतीचं माप घ्यायचं राहिलंय. तो म्हणाला, माप आम्ही घरी येऊन घेतो. मी म्हटलं, भिंतीला ओल आहे. शेवटी उठावंच लागलं. समोरच्या टीमला जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या. कांता दारापर्यंत मागे वळून बघत होती.

रिक्षात म्हटलं, संत्रं सोल, खाऊ. तिने पिशवीची गाठ मारली.

२१ जानेवारी

केबलवाला बिलाला आलेला. नेमकं दार कांताने उघडलं. तिने विचारलं, ते स्पोर्ट्सचं चॅनल कंपनी कधी चालू करणार? तो भला माणूस म्हणाला, चॅनल चालूच आहे की, अख्ख्या बिल्डिंगमध्ये दिसतंय. सरांनीच फोन करून तुमच्याकडचं बंद करायला सांगितलं.

असल्या लोकांना तोंडावर ताबा नसतो.

कांताने त्याला पाणी विचारलं. तो गेला. मी सगळा हिशोब समजावून सांगायला घेतला. तिने एकच विचारलं, पुरुषांची मालिका असती तर बंद केलं असतंत का? मी म्हटलं, म्हणजे काय, केलंच असतं! ती हसली.

हसली म्हणजे राग गेला. विषय संपला.

२३ जानेवारी

कांताने तिच्या मोबाइलवर स्वतःचा प्लॅन घेतला. मला न विचारता. सुनेला, रचनाला, फोन केला, तिने हैदराबादहून एकेक बटण सांगितलं आणि झालं. ब्लाउज शिवते त्याचे तिचे पैसे. एकाच मोबाइलवर चालतो, टीव्हीला जोडता येत नाही. म्हणाली, सगळ्यांत स्वस्त तोच होता.

शाब्बास म्हटलं. शेवटी माझ्या हाताखाली तयार झालेली. आता दोघं मिळून बघू तिच्या मोबाइलवर.

२५ जानेवारी, रविवार

ओट्यावर मसाल्याच्या डब्याला मोबाइल टेकवलेला. कानात इयरफोन. स्टूल तिने आत नेलंय. मी बाहेर दिवाणावर, शिवरामची लिंक लावून. माझ्याकडे बॉल पडायच्या आधीच आतून ओरडते, टाक, टाक, तिथेच टाक! मग, गेली! माझ्या स्क्रीनवर ती बॅटर अजून ग्लोव्ह्ज घट्ट करतेय. मरणार आहे हे तिला माहीत नाही, मला माहीत आहे.

मी आवाज दिला, कोण गेली गं? उत्तर नाही. परत विचारलं. इयरफोनमुळे असणार. दारात जाऊन उभा राहिलो. तिने एका कानातलं काढलं आणि विचारलं, काही हवंय का?

म्हटलं, पाणी.

तिने दिलं. मी ते तिथेच उभ्याने प्यायलो, जमेल तितकं हळू. ग्लास रिकामा झाल्यावर तिथे थांबायला काही कारण उरलं नाही.

२८ जानेवारी

विहारात सगळे भेटलेले. कलावती वहिनी म्हणाल्या, कांताताईंचं क्रिकेट म्हणजे भारीच हो, आमच्याकडे बसल्या तेव्हा ह्यांना फील्डिंग समजावून सांगत होत्या. मी म्हटलं, मीच शिकवलंय. सगळे हसले. कांता चपला शोधत होती.

२९ जानेवारी

नवीन उपाय. मॅच सुरू झाल्यावर लसूण घेऊन स्वयंपाकघरात बसलो. म्हटलं, मी सोलतो, तू बघ. मागून मोबाइल दिसत नाही, तिचा खांदाच दिसतो. मध्ये पावसाने खेळ थांबला, तिने इयरफोन काढले. ही संधी साधून मी विचारलं, शहाडच्या तुमच्या टीमचं नाव काय होतं गं?

म्हणाली, आता आठवत नाही.

तिला आठवतं. लग्नात कुणी कुठली साडी दिली तेसुद्धा तिला आठवतं. मला सांगायचं नाही, एवढंच. मी मान खाली घालून सोलत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं. लसणाने येत नाही हे मला कळतं.

एवढी वर्षं ती दारात बसून मॅच बघायची आणि मी तिला नो-बॉल म्हणजे काय ते समजावून सांगायचो. तीही ऐकून घ्यायची. का ऐकून घ्यायची?

३१ जानेवारी

आता माघार नाही. सगळं घेतलं. केबलचा स्पोर्ट्स पॅक परत चालू, वर ॲपचं सगळ्यांत मोठं, वर्षभराचं. चार स्क्रीन, जाहिरात नाही, टीव्हीवर फुल एचडी. पैसे किती गेले ते इथे लिहीत नाही. शिवरामला कळलं तर तो बोलणं सोडेल.

उद्या मालिकेची शेवटची मॅच. कांताला काही बोललो नाही. सरप्राइज. उद्यापासून सगळं पहिल्यासारखं.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच खाली जाऊन शेव, कुरमुरे, कोथिंबीर आणली. मटारही आणले, दोन किलो, दिवसभर पुरतील असे. तिची बसायची जागा पुसून ठेवली. टॉस झाला तसं टीव्हीवर लावलं. काय ते चित्र! गवताचं पातं न् पातं मोजून घ्या. आवाज मोठा केला आणि हाक मारली, कांता, लवकर ये, बघ काय आहे!

आली. पदराला हात पुसत दारात उभी राहिली, इयरफोन गळ्यात. एक अख्खी ओव्हर उभ्याने बघितली. मी म्हटलं, सगळं घेतलंय, वर्षभराचं. महिलांचं पण. बस ना.

म्हणाली, छान दिसतंय हो. तुम्ही बघा आरामात. मला आता आत एकटीनेच बरं पडतं, मनाजोगं बघता येतं.

मी म्हटलं, आपण जिंकू असं वाटतंय का? म्हणाली, बघू. आणि आत गेली.

मी कुरमुरे कालवले, ताटली भरून ओट्यावर नेऊन ठेवली. तिने मान हलवली. परत येऊन बसलो. आपली ऑफस्पिनर आली तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, आता सरळ टाकणार बघ! बॉल वळला. बॅटरने चौकार मारला.

थोड्या वेळाने कांता पुन्हा दारात आली. मी सरकून जागा केली. म्हणाली, अहो, टीव्हीचा आवाज जरा कमी करता का? मला माझं नीट ऐकू येत नाही.

आवाज पूर्ण बंद केला. पिक्चर क्वालिटी मात्र खरंच चांगली आहे.