उपाशी ठेवलेले सहा फ्लास्क

३ जानेवारी, पहाटे ५ (प्रत्यक्षात ७.४०)
संकल्प: रोज पाचला उठणे. रोज प्रबंधाचं एक पान. तिसरा चहा बंद.
पीएच.डी.चं अकरावं वर्ष. पंधरा मार्चपर्यंत रिझल्ट दिले नाहीत तर रजिस्ट्रेशन रद्द. घाबरण्यासारखं काही नाही. समुद्रातलं एक सूक्ष्म शेवाळ अंगाभोवती चुन्याचं कवच बांधतं. त्याला फॉस्फेट कमी मिळालं की वाढ खुंटते आणि कवच जाड होतं. एवढंच दाखवायचंय. कोरेगावच्या कॉलेजात शिकवत समुद्रावर संशोधन करणारा मी एकटाच. स्टाफरूममध्ये हसतात. हसू देत.

५ जानेवारी
उद्या समुद्राचं पाणी आणायला गुहागरला. वीस लिटरचा कॅन मेहुण्याने, जोतीरामने दिला. तासगावला त्याच्या द्राक्षबागेत असे ढिगाने पडलेले असतात. लेबल चुरगळलंय, द्राक्षाचा घड तेवढा दिसतो. शुभ वाटलं.
लॅब अटेंडंट हरिबा म्हणाला, सर, आदी धुवून घिऊ का? तळाला कायतरी चिकाट हाय. नको म्हटलं. नळाचं पाणी लागलं की शुद्धता गेली. समुद्र सगळं धुवून काढतो. हरिबाला सायन्स कोण शिकवणार?

११ जानेवारी
गुहागरच्या पाण्यात शेवाळ सोडलं. सहा फ्लास्क फॉस्फेट घालून, सहा उपाशी. सगळे प्राचार्यांच्या केबिनमध्ये, कारण एसी तिथेच. प्राचार्य स्वेटर घालून बसतात. विज्ञानासाठी एवढं चालायचंच.
आज उठायला आठ वाजले. थंडी फार.

२४ जानेवारी
उपाशी फ्लास्क गढूळ होत चाललेत. म्हणजे वाढतायत. वाढायला नको होते. हरिबा माणदेशातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वाकून बघत म्हणाला, सर, उपाशी जित्राब असं दिसत न्हाई. ही लय जोमात हायत. मेंढरांचे ठोकताळे शेवाळाला लावू नयेत, असं त्याला शांतपणे समजावलं. शांतपणे म्हणजे जरा ओरडूनच.

६ फेब्रुवारी
तिसरा चहा सुरू. संकल्प रद्द नाही, स्थगित.
विद्यापीठातून सूक्ष्मदर्शकाचे फोटो आले. बाराही फ्लास्कमध्ये कवचं सारखीच. पातळ. मग लक्षात आलं, हा तर शोध आहे! भुकेचा कवचावर परिणामच होत नाही. जगभरची पाठ्यपुस्तकं बदलावी लागणार. आजपासून रोज दोन पानं.

२० फेब्रुवारी
पानं: शून्य. शीर्षक मात्र तीनदा सुधारलं.
थकलोय. हे इथेच लिहितो, बाहेर कुणाला सांगत नाही. बायकोने विचारलं, झालं का? म्हटलं, झाल्यातच जमा. गेली सहा वर्षं हेच सांगतोय. ती आता पुढचं विचारत नाही, त्याचं वाईट वाटतं.

१२ मार्च
गाइड आल्या. प्रियदर्शनी मॅडम. बी.एस्सी.ला मी त्यांना शिकवायचो, तिसऱ्या बाकावर बसायच्या. आता मी त्यांचा विद्यार्थी. मी शोध सांगितला. त्या म्हणाल्या, सर, पाण्यातलं फॉस्फेट आधी मोजलं होतं का? म्हटलं, समुद्र आहे तो, त्यात काय मोजायचं? पाणी कशातून आणलं, म्हणाल्या. हरिबा कॅन घेऊनच आला. मॅडमनी लेबलची सुरकुती बोटाने सरळ केली. घडाच्या खाली लिहिलं होतं: फॉस्फरसयुक्त द्रवखत. फळांना वजन, वेलींना जोम.
दोन महिने मी उपाशी फ्लास्कना द्राक्षबागेचं खत घालत होतो. हरिबाने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१३ मार्च
मॅडम भल्या आहेत. सहा महिने मुदतवाढ मिळवून देते म्हणाल्या, फक्त फॉर्मवर खरं कारण लिहा. आधीच्या तीन फॉर्मवर मी लोडशेडिंग, कोविड आणि प्राचार्य लिहिलंय. आज लिहिलं: ‘मी कॅन धुऊ दिला नाही.’
अकरा वर्षांत पहिल्यांदा एक वाक्य न खोडता लिहिलं. मग हरिबाकडून दुसरा फॉर्म मागवला. ‘तांत्रिक अडचण.’ सही केली. मॅडमना पाठवला.

१४ मार्च, संध्याकाळी
फॉर्म परत आला. मॅडमचा निरोप: उद्या साडेदहापर्यंत खरं कारण लिहून द्या, नाहीतर माझा नाइलाज आहे.
कालचा पहिला फॉर्म शोधला. हरिबाने अखेर कॅन धुतला आणि त्याच फॉर्मवर उपडा घातला. शाई पार पसरलेली. चिडलो. तो म्हणाला, आवं सर, परत लिवा की. एक वळ तर हाय.
बरोबर आहे. एकच ओळ. आता डोकं चालत नाही. उद्या पहाटे पाचला उठून लिहीन.