मैनाचं वाक्य

मंगळवार, संध्याकाळ

आज चौथीला कादंबरीचा सहावा भाग वाचून दाखवला. त्यातली मुलगी गावाचा निरोप घेऊन निघते. पोरांना निरोप म्हणजे सांगावा, एवढंच ठाऊक. मी म्हटलं, जाण्याआधी भेटून सांगणं, त्यालाही निरोप घेणं म्हणतात. मग वाक्य करायला दिलं.

मैनानं लिहिलं, 'आई मिरची तोडाले गेली, तिनं माझा निरोप नाई घेतला.'

मी लाल पेनानं बरोबरची खूण केली. वर 'शाब्बास' म्हणाले! प्राणहिता नदीपल्याड तेलंगणात कामाला गेलेल्या बाकी सगळ्या बाया उन्हाळ्यातच परतल्या, फक्त तिची आई आली नाही, हे मला माहीत असून? ती लाल खूण डोळ्यांपुढून जात नाही. खोडायला हवी होती का? पण वाक्य तर बरोबरच होतं.

शाळा सुटल्यावर मैना टेबलापाशी घुटमळली.

"बाई, पुस्तकातली पोरगी वापस येते का?"

"येते," मी म्हणाले.

ती खुशीत दप्तर उचलून पळाली. कादंबरी मी शेवटपर्यंत वाचलेली आहे. ती मुलगी गावाला कधीच परतत नाही.