सर्व्होची पेटी, परळचा कारखाना आणि बंधू मनमोहन

मी, उर्मिला जगन्नाथ वेलकर, अविवाहित, वय वर्षे बावन्न, राहणार खोताची वाडी, गिरगाव, माझ्यामागे माझ्या मालमत्तेची काय व्यवस्था व्हावी ते या कागदाने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझे धाकटे बंधू मनमोहन यांना याबद्दल शंका असल्यास त्यांनी डॉक्टर अच्युत नवलकर यांना विचारावे. हृदय कमजोर असले तरी डोके ठीक आहे, असे त्यांनी आजच तपासून सांगितले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे, ते मी रागात केले होते. हेही थोडे रागातच करत आहे, पण विचार करून.

१. वाडीतल्या राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा आणि आईच्या पाटल्या माझी भावजय सौ. नलू हिला द्याव्यात. या घरात माझे म्हणणे पुरते ऐकून घेऊन मग उत्तर देणारी ती एकटीच आहे.

२. माझी पदार्थविज्ञानाची पुस्तके मी ज्या मुलींच्या शाळेत शिकवत असे तिला द्यावीत. कपाटात कुलूप लावून ठेवणार असतील तर देऊ नयेत.

३. बँकेतल्या शिलकीतून माझे अंत्यविधी साधेपणाने उरकावेत. उरेल ते नलूच्या मुलांच्या शिक्षणासाठी वापरावे.

४. माझे मीटर, थर्मामीटर आणि हत्यारांची पेटी कारखान्यातच राहावी. कोणालाही उसनी देऊ नये. मनमोहन यांनी नेलेला चांगला मीटर अजून परत आलेला नाही.

५. परळचा 'वेलकर इलेक्ट्रिक वर्क्स' हा कारखाना आम्हा भावंडांचा निम्मा निम्मा आहे. माझा निम्मा हिस्सा मी सौ. नलू हिला देत आहे, मनमोहन यांना नव्हे. त्याचे कारण येथे लिहिणे भाग आहे, नाही तर लोक काहीबाही बोलतील.

आमचा धंदा जुन्या यंत्रांना नवी विजेची यंत्रणा बसवण्याचा. १९५७ साली लालबागच्या एका गिरणीने, जिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कापड ताणून वाळवण्याचे जुने विलायती यंत्र आमच्याकडे सोपवले. कापडाची कड जरा सरकली की ती हालचाल टिपायची, तो बारीकसा इशारा मोठा करायचा आणि मोटरला हुकूम देऊन यंत्राचे रूळ कडेबरोबर हलवायचे. इशारा मोठा करण्याचे हे काम सर्व्हो ॲम्प्लिफायर करतो. रेडिओत असतात तशा, चालताना तापणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हची एक पेटी असते, एवढे समजले तरी पुरे.

पेटी किती ताकदीची घ्यायची यावरून आमचे वाजले. मनमोहन यांनी मोटरवरच्या पाटीवर लिहिलेला आकडा वाचला आणि तेवढ्याच ताकदीची पेटी मागवली. मी म्हटले, यंत्र जुने आहे, रूळ जड चालतात, दिशा बदलताना मोटर कितीतरी जास्त ओढते. ते आधी मोज, तेही भर दुपारी, कारण तापलेल्या जागेत पेटीची ताकद आणखी कमी धरावी लागते. ते म्हणाले, एवढं कोण मोजत बसतं. मग त्यांनी पेटीसाठी सागवानी कपाट करून घेतले, त्याला काचेचे दार, आणि ते यंत्रालाच ठोकले, का तर वायर कमी लागते. खाली वाफेचे नळ. मी तक्रार केल्यावर त्यांनी वर एक पंखा बसवला. तो गिरणीतला कापसाचा भुगा आत ओढू लागला. उष्णता म्हणजे काय हे या गृहस्थांना समजावण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि ते बी.एस्सी. आहेत.

हिवाळाभर यंत्र छान चालले. मनमोहन यांनी गिऱ्हाइकांना नेऊन काचेचे दार दाखवले. चैत्र लागला तशी पेटी दुपारी भलतेच हुकूम देऊ लागली. रूळ मागे राहायचे, कापड सुटून फाटायचे. सकाळी गार असताना सगळे ठीक.

यंत्रावर कुशाबा परब म्हणून गृहस्थ होते, वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात ते पुढे असत, हे गिरणीत सर्वांना ठाऊक होते. मॅनेजरने ठरवून टाकले की हा समितीवाला मुद्दाम कापड फाडतो. त्यांना कामावरून घरी बसवले आणि चौकशी लावली. चौकशीत जाणकार म्हणून मनमोहन यांना बोलावले. त्यांनी सांगितले की पेटीत दोष नाही. गिरणीची आणखी यंत्रे आम्हाला मिळायची होती.

मला हे कळले ते कुशाबा स्वतः परळला आले तेव्हा. दारातच उभे राहिले. म्हणाले, "बाई, यंत्राक मी हात लावूक नाय. तुमच्या पेटीक तर नायच नाय. माका खरा काय ता सांगा."

मी त्यांना आत बसवले आणि सांगितले की पाहून सांगते. खरे म्हणजे मला पाहायची गरज नव्हती.

त्या दिवशी नलूने कोलंबीचे भानोले भाजले होते. जेवताना मी मनमोहनला विचारले, "मनू, नलू भानोल्याच्या पातेल्याखाली निखारे ठेवते आणि झाकणावरही ठेवते. कशासाठी?"

"शिजायला."

"मग तू त्या पेटीचं दुसरं काय केलंयस?"

तो म्हणाला, आता बोलून उपयोग नाही, चौकशी संपत आली, त्या माणसाला दुसरीकडे काम मिळेल. त्यावर नलूने वाढता वाढता हात आखडला. "समितीवाला म्हणून काढलेल्याला कुठली गिरणी घेणार?" एवढेच तिने विचारले. तो पानावरून उठून गेला.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीत गेले. मॅनेजर मला बसा म्हणाले आणि मनमोहनशेठ कधी येणार असे विचारू लागले. मी म्हटले, मी निम्मी मालक आहे, यंत्र चालू ठेवून दुपारी कपाट उघडा. उघडले. पंख्याच्या जाळीवर कापसाची गोधडीच बसली होती. मी थर्मामीटर आत धरला, तो पार वरपर्यंत चढला. पंख्याची जाळी साफ करून, दार उघडे टाकून, बाहेरून दुसरा पंखा लावला, तसे रूळ थोड्या वेळाने पुन्हा नीट चालू लागले. सगळे पाहत होते. मी मॅनेजरना सांगितले, "पेटी आम्ही निवडली, आम्हीच कोंडली. दोष आमच्या कारखान्याचा आहे, कुशाबांचा नाही. हे मी लिहून देते."

लिहून दिले. कुशाबा कामावर परत गेले. मोठी पेटी आम्ही पदरमोड करून बसवली, यंत्रापासून लांब, व्हरांड्याकडच्या भिंतीवर. बाहेरची स्वच्छ हवा पत्र्याच्या नळातून, कापडी गाळणीतून खालून आत येते आणि वरून बाहेर जाते. ती तेव्हापासून बिनतक्रार चालू आहे. बाकीची यंत्रे मात्र गिरणीने दुसऱ्यांना दिली.

मनमोहन मला म्हणाले, "ताई, घरातलं भांडण तू गिरणीत नेलंस." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. कारखान्यात आम्ही एकाच टेबलावर बसतो आणि निरोप घरी आल्यावर नलूमार्फत जातात. तिने तरी किती धावावे? माझा हिस्सा तिला दिल्यावर यापुढे कोणतीही पेटी घेण्यापूर्वी मनमोहन यांना तिची सही घ्यावी लागेल, आणि ती मोजलेले आकडे पाहिल्याशिवाय सही करणार नाही. मी तिला तसे सांगून ठेवले आहे.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या वकिलांनी करावी असे मी लिहिले होते. ते नाव खोडून तेथे मनमोहन जगन्नाथ वेलकर असे घातले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. कारण असे की हा कागद लिहीत असताना ते वर आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "ताई, भोईवाड्यात एक जुना लेथ आहे. त्याला सर्व्हो बसवायचाय."

मी विचारले, "मोजलंस?"

"मोजलं. दुपारी, पत्र्याखाली, दारं लावून."

त्यांनी कागद पुढे केला. आकडे बरोबर होते. मात्र निवडलेली पेटी गरजेपेक्षा फारच मोठी होती, निव्वळ उधळपट्टी. मी तसे तोंडावर सांगितले. ते ऐकेनात. चहा गार होईपर्यंत आम्ही भांडलो. फार दिवसांनी.

कलम पाच बदललेले नाही.

हा कागद मी स्वतः वाचून त्यावर खालील दोघांच्या समक्ष सही केली आहे. साक्षीदारांना यातून काही मिळायचे नाही, हे दोघांनाही सांगितले आहे.

सही: उर्मिला जगन्नाथ वेलकर

साक्षीदार, आमच्यादेखत सही झाली:
१. डॉ. अच्युत नवलकर, गिरगाव
२. कुशाबा गणपत परब, बीडीडी चाळ, वरळी

ठिकाण: खोताची वाडी, मुंबई. राज्याचे नाव लवकरच बदलणार म्हणतात, म्हणून लिहिलेले नाही.
तारीख: ११ फेब्रुवारी १९६०