अर्ध्या अंगणातली हरळी

१८ नोव्हें. ५५
हे आज बोटीने गेले. लग्नाला सहा वर्षं, संसार सगळा पत्रातला. साहेबलोकांच्या पिशव्या वाहता वाहता गोल्फ शिकले, आता खेळून पोट भरतात. या हंगामात स्पर्धा तीन: दिल्ली, कलकत्ता, शेवटी मुंबई. मुंबईच्या क्लबाच्या सेक्रेटरीचा शब्द आहे: एकीकडे तरी पहिल्या पाचांत या, शिकवणाऱ्याची जागा कायम. जागेबरोबर खोली. खोली म्हणजे मी.

दिवाळीचे आठ दिवस अंगणात डबा पुरून चेंडू हळूच त्यात ढकलायचा सराव केला. पाऊस सरल्यावर मी चोपून सारवलेलं अंगण, चेंडू नुसता पळायचा. हे खूश. मीही फुगले.

४ डिसें.
दिल्लीचं पत्र. खूप मागे राहिले. ‘तुझ्या अंगणाची सवय नडली. इथलं गवत चेंडू धरून ठेवतं, माझा प्रत्येक चेंडू भोकाच्या अलीकडे.’

माझ्या सारवणाने नवरा हरला! आधी हसू आलं, मग रडू.

७ डिसें.
शाळेत शिकवून आल्यावर विहिरीकडची हरळी मुळासकट आणून अर्ध्या अंगणात लावली. तुळशीकडचं अर्धं सारवलेलंच ठेवलं.

सासूबाई : “आंगान असा ठेवतत काय गो? लोकांस वाटल घरात सुतक हाय.”

म्हटलं, तुमच्याच लेकासाठी. रुसल्या. जेवताना आमटी वाढली, तीही तोंड फिरवून.

२३ डिसें.
कलकत्ता. आठवे आले. आठवे म्हणजे वाईट नाही, पण खोली नाही. उरली मुंबई.

हरळीने मूळ धरलं. रोज चार कळशा.

२ जाने. ५६
शाळेतून येते तो सासूबाई काठी घेऊन शेजारणीच्या शेळीमागे. “मेली, माझ्या सुनेचा गवात खाताय!”

माझ्या सुनेचा. म्हणजे आता बरं आहे.

११ जाने.
हे आले. अंगणाच्या कडेला उभेच राहिले.

“कापलंस कशानं?”

“शिवणाच्या कात्रीनं. बसून बसून.”

माझा हात हातात घेऊन अंगठ्याजवळचा घट्टा बघितला. सासूबाई ओटीवर होत्या तरी सोडला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि फार बरं वाटलं.

१६ जाने.
पहिले दोन दिवस चेंडू अलीकडेच थांबत. आज डब्यात पडायला लागलेत. मी परत टाकते, हे मारतात. सासूबाई ओटीवरून, “जरा जोरान मार रे!” ह्यांना घरातच शिकवणारी मिळाली, असं मी म्हटलं तर दोघंही हसले.

२१ जाने.
बोट. या वेळी रडले नाही. खोटं. बोट लांब गेल्यावर रडले.

२८ जाने.
मुंबईचा आज शेवटचा दिवस. वर्गात पाढे चुकले, मुलींनी दुरुस्त केले.

घरी आले तर सासूबाईंनी माळ्यावरून माझी ट्रंक काढून पुसून ठेवलेली.

म्हटलं, “अजून पत्र कुठाय?”

“येल तेव्हा येल. जायचा झाला तर घाई नको.”

पदराने परत झाकण पुसायला लागल्या. पुसलेलंच होतं. इतके दिवस खोली खोली करत होते, त्या इथे एकट्या राहतील हे एकदाही मनात आलं नाही. लाज वाटली.

त्या गोठ्यात गेल्यावर ट्रंकेत दोन लुगडी ठेवली. एक माझं, एक त्यांचं.