दोन मार्कांनी गेलं

३ नोव्हेंबर
नवीन डायरी. जुनी भरली नव्हती, पण तिच्यात निगेटिव्ह फार झालं होतं. बी.ए. होऊन सहा वर्षं झाली. काय करून राहिला असं कोणी विचारलं की आपलं उत्तर ठरलेलं: तयारी. पुढं कोणी विचारत नाही. उद्यापासून रोज दहा तास. आज फक्त टाइमटेबल.

४ नोव्हेंबर
टाइमटेबलला चार रंगांचे पेन लागतात. आमच्या कुरुंद्यात दोनच मिळाले, म्हणून बाकीचे वसमतला घेतले. अभ्यासिकेत पोचायला साडेअकरा. पंख्याखालच्या माझ्या खुर्चीवर प्रभू बसलेला. ज्युनिअर आहे, उठवणं बरं दिसत नाही. मन लागलं नाही. चहा. अभ्यास कसा करावा ते प्रभूला दोन तास समजावलं. त्यानं वहीत लिहून घेतलं. चहा.

११ नोव्हेंबर
निकाल. शिवकन्या अकरा मार्कांनी गेली. माझी धाकटी बहीण, बी.एस्सी., रोज माझ्याच बसनं अभ्यासिकेत येते. पहिलाच प्रयत्न होता. रडली नाही.
निकालानंतर गावात एकच प्रश्न असतो: कितीनं गेलं? तातेरावकाकांनी पारावरूनच विचारलं. दोन मार्कांनी, म्हणालो. मागच्या वर्षीही दोननंच गेलं होतं. त्याच्या आधीही. काका हळहळले. "लई थोडक्यात हुकून राहिलं रे तुझं," म्हणे.
खाजगी: गेली तीन वर्षं मी फॉर्मच भरलेला नाही. अर्धवट तयारीवर परीक्षेला बसणं मला पटत नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. दोन मार्क हा माझा अंदाज. बसलो असतो तर तेवढ्यानंच गेलं असतं.

१२ नोव्हेंबर
जेवताना आबांनी निर्णय दिला. औंदा हळद जास्त आहे, दोघं वसमतला जाऊन बसले तर काढणीला घरचं माणूस नाही. एकानंच जायचं. दुसऱ्यानं घरी. माय म्हणाली, पोरीला जाऊ द्या, ती खरंच वाचती. त्यावर आबा म्हणाले, "दोन मार्क कुठं अन् अकरा मार्क कुठं? ह्याचं तोंडापाशी आलंय." पोरगी घरी राहतेच आहे तर स्थळंही बघून घेऊ, असंही म्हणाले.
शिवकन्याचा हात ताटातच राहिला. मला फार वाईट वाटलं. तिथंच खरं सांगून टाकावं वाटलं. पण आबांचं जेवण चालू होतं. उद्या सकाळी सांगतो.

१३ नोव्हेंबर
आबा उजाडायच्या आत रानात गेले.

१४ नोव्हेंबर
आबांची कंबर धरली. दुखण्यातल्या माणसाला असं काही सांगू नये.

२ डिसेंबर, सकाळी ८
शिवकन्यानं तिच्या नऊ वह्या आणून दिल्या. सगळ्यांना कव्हर, सगळ्यांवर विषय. "दादा, तुझं तर होऊनच राहिलंय. ह्या वाचून जा," म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आता मात्र करायचंच. यंदा फॉर्म भरायचा, पास व्हायचं, म्हणजे खरं सांगायची गरजच पडणार नाही. बसमध्ये पहिली वही उघडली. अक्षर फार बारीक आहे.

१९ डिसेंबर
फॉर्मची शेवटची तारीख. सकाळीच भरणार होतो. पण पोरांना फोटोची साइझ जमत नाही, सही अपलोड होत नाही, अन् सीनिअर म्हणून सगळे माझ्याकडं. प्रभूचा भरला. आणखी सहा जणांचे भरले. माझी पाळी आली अन् साइट बसली. तशा नऊ वह्या अजून वाचून व्हायच्याच आहेत. एका अर्थी बरंच झालं. बरं वाटत मात्र नाही.

२१ जानेवारी
काढणी सुरू. शिवकन्या दिवसभर बायकांबरोबर वाकलेली असते. हात कोपरापर्यंत पिवळे. तातेरावकाका म्हणे, "पोरीला हळद तर लागली, आता नवरदेव तेवढा आणा." आबा हसले. मी बसला निघालो तर तिनं बांधावरून ओरडून सांगितलं, आज गणित कर. मी हात केला. थकवा फार आहे आजकाल. बी-ट्वेल्व्ह तपासायला हवं.

८ फेब्रुवारी, रविवार
परीक्षा. सेंटर हिंगोली, असं घरी सांगितलेलं. मायनं हातावर दही-साखर ठेवली. शिवकन्यानं डबा दिला, दोन पेन चालवून बघून दिले. आबांनी स्वतः गाडीवर स्टँडला सोडलं. हॉलतिकीट घेतलं का विचारलं. मी खिशावर हात ठेवला.
हिंगोलीत ओळखीचे भेटणार, म्हणून तसाच पुढं कनेरगाव नाक्याला गेलो. ढाब्यावर पाच तास. मालकानं विचारलं, गाडी बंद पडली का? परीक्षेला आलोय म्हणालो. इथं कुठं सेंटर, म्हणे. डबा उघडला. तसाच बंद केला.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
घरी येताच शिवकन्यानं प्रश्नपत्रिका मागितली. बसमध्ये राहिली म्हणालो. काही हरकत नाही म्हणाली, प्रभूकडून फोनवर मागवून घेतली होती, ओसरीत बसून सगळी सोडवली होती. ताडून बघू, म्हणे. ती एकेक उत्तर सांगत गेली. मी प्रत्येकाला म्हणत गेलो, माझंबी तेच. आबा बाजूला बसून ऐकत होते, भलतेच खूश. शेवटच्या प्रश्नापर्यंत एकही चुकला नाही.
आबा गोठ्याकडं गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, मी त्यातली वीस उत्तरं मुद्दाम चुकीची सांगितली."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला विचारलं, आबांना सांगणार का? न्हाई म्हणाली, ते तू सांगायचं, येत्या रविवारी मला बघायला पाहुणे येऊन राहिले, त्याच्या आत.

१० फेब्रुवारी
सांगायचं वाक्य लिहायला घेतलं. चार वेळा खोडलं. 'आबा, एक विषय आहे' ही सुरुवात ठीक वाटते.

१२ फेब्रुवारी
आबा हळद शिजवायला उभे. बॉयलरच्या आवाजात ऐकू आलं नसतं.

१४ फेब्रुवारी
वाक्य तोंडपाठ झालं. उद्या सकाळी सात. नक्की.

१५ फेब्रुवारी, रविवार
सातला आबा आंघोळीला. आठला दाढी. साडेआठला मी समोर गेलो, "आबा, एक विषय आहे" म्हणालो. आबा म्हणाले, "आधी सतरंजी टाक." टाकली. नऊला पाहुणे आले.
मुलाच्या वडिलांनी विचारलं, पोरगी पुढं काही करून राहिली का? शिवकन्या चहाचा ट्रे धरून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. बघतच राहिली. सगळे थांबले होते. माझं वाक्य तोंडपाठ होतं.
मग तीच म्हणाली, "न्हाई. आमच्यात दादा तयारी करून राहिला."
पाहुणे माझ्याकडं वळले. मी मान हलवली.
दुपारी सुपारी फुटली.