काचेवरची टिकली

४ मे, सोम.
लोह्याहून येताना पुढच्या टिप्परमधून खडी उडाली. टण्! समोरच्या काचेवर हरभऱ्याएवढा टवका. चूक माझीच, त्याच्या पाठीला चिकटून चालले होते. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी माझ्याकडे. रविवारी पल्लवीला लातूरहून बाळंतपणाला आणायचंय. लेकीला मीच आणणार, म्हणून घरभर गाजवून ठेवलंय. आता हे! ह्यांना सांगितलं नाही.

५ मे, मंगळ.
काचवाल्याकडे. "काच अंगावर न्हाई येत मॅडम, पण चीर पळते. टवका भरून घ्या. तवर धूळ जाऊ देऊ नका. अन् तापल्या काचेवर गार पाणी तर अजिबात न्हाई." भरायचं औषध संपलंय. सोमवारी येईल म्हणे. सोमवारी!

७ मे, गुरु.
टवक्यावर माझी मोठी लाल टिकली लावली. धूळ बंद, टवकाही झाकला. हे : "हे काय?" मी : "दृष्ट लागू नये म्हणून." एरवी समोरचा चष्मा दिसत नाही ह्यांना.

१० मे, रवि. चाकूर, चहाच्या टपरीवर
लातूरला गाडी उन्हात तापलेली. निघताना विहीणबाई तांब्या घेऊन आल्या. टिकली बघून खूश. "पूजा केलाव की गाडीची! लई बेस." विभूतीची तीन बोटं ओढली, आणि मी नको नको म्हणेस्तोवर माठातलं पाणी ओवाळून सरळ काचेवर. कट्. टिकलीखालून वीतभर चीर, माझ्या बाजूला. कुणाला ऐकू गेलं नाही. मी हसले. हसले कशी, देव जाणे.

पल्लवीला मागे बसवलं. चाळीसच्या वर गेले नाही, प्रत्येक टिप्परपासून लांब. गार हवेनं चीर वाढेल म्हणून एसी बंद, पोर घामानं निथळली. शेवटी इथे थांबून सगळं सांगितलं.
"आई, आधी का न्हाई सांगितलंस?"
"तू माझ्यासोबत आली नसतीस."
भीती वाटतेय. लाज त्याहून जास्त. म्हटलं, जावईबापूंना बोलावू, नाहीतर इथून बस आहे. तू ठरव.
तिनं चहा संपवला, उठून गाडीकडे गेली. पुढचं दार उघडलंय. तिची पर्स पुढच्याच सीटवर आहे. पर्स घ्यायला गेली की बसायला, इथून कळत नाही