चेंबरचा बोल्ट

५ फेब्रुवारी, गुरुवार
बोल्ट गोल झाला! कंपनीची गुरुवारची सुट्टी, आणि माझा नवरा संघर्ष सकाळपासून गाडीखाली. सासऱ्यांची निळी गाडी — नाना गेल्यापासून भिंतीला लागून उभीच होती. मला दवाखान्यात न्यायला हीच हवी म्हणे, रिक्षात हादरे बसतात. आधी इंजिनातलं जळकं ऑइल काढायचं. खालच्या ऑइलच्या भांड्याचा, म्हणजे चेंबरचा, जो बोल्ट काढून ते सोडतात, त्याच्या कडाच गेल्यात. पाना लावला की सटकतो.
आणि मला नववा लागलाय.

६ फेब्रुवारी
गॅरेजवाला पाहून गेला. "भाऊ, हा असा न्हाई निघायचा. टो करून आणा, लिफ्टवर घेऊ." संघर्ष म्हणाला, "बघतो." म्हणजे नाही.

८ फेब्रुवारी
गाडी पुढून उचलून ठेवलीय. एक जॅक, आणि बाजूला बांधकामावरचे ते पांढरे हलके ब्लॉक. चाकणहून शिफ्ट संपवून आला की चहासुद्धा घेत नाही, थेट खाली शिरतो. नुसते पाय दिसतात. छिन्नी लावून हातोडा मारतो. प्रत्येक ठोक्याला अख्खी गाडी हलते.
"अरे, कुणाचे तरी लोखंडी स्टँड आण."
"आणतो गं. तू आत जा आधी."
सासूबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "त्याला अडवू नको. अडवलं की जास्तच पेटतो. बाप बी असाच हुता."

१० फेब्रुवारी
एका ब्लॉकचा कोपरा झडलाय. खाली पांढरा भुगा. दाखवला. "वजन जॅकवर आहे, घाबरतेस काय!" हसला वर. जॅकही वाकडा वाटतोय मला. कुणाला सांगू?

१२ फेब्रुवारी, गुरुवार
जेवण झाल्यावर तो पुन्हा खाली गेला. "आज काढतोच!" आज मोठा हातोडा होता. मी दारात पालक निवडत बसले होते. ठण — ठण — ठण. मग मी ओरडले. "संघर्ष! कळ! कळ आली!"
सरपटत बाहेर आला. डोकं बंपरला आपटलं, तरी थांबला नाही. माझा दंड धरला — आणि मागे ब्लॉक फुटला. जॅक कलंडला. गाडी खाली बसली. त्याची छाती होती, बरोबर तिथे. हातोड्याचा दांडा काडीसारखा मोडला.
तो बघतच राहिला. मग उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडला. मी कधी पाहिलं नव्हतं त्याला असं.
दवाखान्यात गेलो — रिक्षानेच! डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "खोट्या कळा. होतं असं. अजून वेळ आहे."
संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली येऊन गेली. सासूबाई प्रत्येकीला सांगतायत, "लेकरानं पोटातनं बापाला हाक मारली!" संघर्ष माझ्या पोटावर हात ठेवून बसलाय. गाडी गॅरेजवाला घेऊन गेला.

१३ फेब्रुवारी
कळ आलीच नव्हती.
ब्लॉक तडकल्याचा आवाज मला आला होता. नुसतं 'बाहेर ये' म्हटलं असतं तर तो आला नसता.
कुणाला सांगणार नाही. बाळालासुद्धा नाही.